पाकिटातले सात दिवस

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, वही बंद झाली, की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा विषय तेव्हाच निघतो, तोही हळू आवाजात. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. पाकीट संपल्यावर मध्ये किती दिवस थांबायचं? गोळ्या चालू असताना पाळी येते, ती खरी की खोटी? वर्षभर घेतल्यावर शरीराला चार महिने विश्रांती द्यायची का? मालक ऊसतोडीला किंवा मुंबईला गेले, तर तेवढे दिवस बंद केल्या तर चालतं का?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, मधला खंड. एकवीस दिवस गोळी आणि सात दिवस सुट्टी, हे गणित कुठून आलं? आपल्या शरीराने मागितलं म्हणून आलं की कुणी ठरवलं म्हणून? आजच्या भाषणात याचा इतिहास सांगणार आहे. इतिहास कळला की नियम पाठ करावा लागत नाही, तो आपोआप लक्षात राहतो.

सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातून करू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी केलेलं काम आपल्याला माहीत आहे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली. बाईला किती मुलं व्हावीत आणि कधी व्हावीत हे तिला ठरवता आलं पाहिजे, असं ते उघडपणे म्हणत. यापायी त्यांची नोकरी गेली, खटले झाले, लोकांनी नावं ठेवली. तरीही १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. गोळी तेव्हा निघालेली नव्हती. जी साधनं होती ती महाग होती आणि त्यांचं नाव घ्यायचीही लाज वाटायची.

अमेरिकेत मार्गारेट सँगर नावाची परिचारिका हेच काम करत होती. १९३५ च्या डिसेंबरात ती वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटली. बाईच्या हाती साधन द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. गांधीजी म्हणाले, संयम हाच मार्ग. दोघांचं एकमत झालं नाही. पुढे १९५२ साली कुटुंबनियोजनाची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. तिच्या मागे धन्वंती रामा राव यांचे परिश्रम होते, आणि त्या परिषदेलाही सँगरबाई आल्या होत्या. त्याच सुमारास भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असं पाऊल टाकणारा भारत हा जगातला पहिला देश.

पण साधन कोणतं द्यायचं? तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या विचाराच्या होत्या. त्यांना औषध आणि उपकरणं नको होती. म्हणून पाळीचे दिवस मोजून 'धोक्याचे दिवस' टाळायची पद्धत शिकवायचं ठरलं. डॉक्टर अब्राहम स्टोन यांच्या देखरेखीखाली दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या रामनगरम इथे हा प्रयोग झाला. बायकांना रंगीत मण्यांची माळ दिली. रोज एक मणी सरकवायचा. एका रंगाचे मणी बिनधोक दिवसांचे, दुसऱ्या रंगाचे धोक्याचे.

हा प्रयोग फसला. रात्री अंधारात मण्यांचा रंग दिसत नव्हता. कुणी मणी सरकवायला विसरली, कुणी उलट्या बाजूला सरकवला. काहींना वाटलं, माळ जवळ असली म्हणजे झालं, दिवस राहणार नाहीत. अशा प्रयोगांवरून पुष्कळ मोठ्या लोकांनी निष्कर्ष काढला की खेड्यातल्या बाईला दिवस मोजता येत नाहीत. पण मुळात प्रत्येकीची पाळी ठरल्या दिवशी येत नाही. मग सगळ्यांना एका मापाने दिलेल्या माळेचा काय उपयोग? मोजणाऱ्या बाईला दोष मिळाला, मोजायला दिलेल्या साधनाचा दोष कुणी फारसा पाहिला नाही.

इकडे माळेचे मणी सरकत होते, त्याच काळात तिकडे मेक्सिकोत गोळी आकाराला येत होती. तिची सुरुवात झाली एका रानटी कंदातून. आपल्याकडे कोनफळ आणि करांदे होतात, त्याच कुळातला हा कंद. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या शास्त्रज्ञाने अशा कंदांपासून प्रोजेस्टेरॉन बनवायची स्वस्त रीत शोधली. बाई गरोदर असताना तिच्या शरीरात हेच द्रव्य भरपूर असतं आणि त्यामुळे अंडाशय नवं बीज सोडत नाही. पण ते तोंडाने घेतलं तर नीट लागू पडत नव्हतं. १९५१ साली मेक्सिको शहरातल्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण लुईस मिरामोन्तेस यांनी नॉरएथिस्टेरॉन हे नवं द्रव्य तयार केलं. ते तोंडाने घेतलं तरी चालत होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे आपल्या गौरी-गणपतीच्या दिवसांत ते परत भेटणार आहे.

सँगरबाईंनी ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला गोळी शोधायच्या कामाला लावलं. पैसा दिला कॅथरीन मॅककॉर्मिक या श्रीमंत बाईने. पिकाच्या कापणीची यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या घराण्याची ती सून, आणि स्वतः जीवशास्त्र शिकलेली. पिंकस आणि त्यांचे सहकारी मिन चुए चांग यांनी आधी सशांवर प्रयोग केले. बायकांवरच्या प्रयोगासाठी डॉक्टर हवा होता, तो बॉस्टन शहरात मिळाला. त्यांचं नाव जॉन रॉक. ते मूल न होणाऱ्या बायकांवर उपचार करत. बायकांना काही महिने हे द्रव्य देऊन अंडाशयाला विश्रांती द्यायची आणि मग बंद करायचं, म्हणजे कदाचित दिवस राहतील, अशी त्यांची कल्पना होती.

आपला सात दिवसांचा प्रश्न इथेच जन्माला आला. रॉक सुरुवातीला हे औषध रोज, खंड न पाडता देत होते. त्यामुळे पाळी थांबली. मुलासाठी वर्षानुवर्षं तळमळणाऱ्या त्या बायका. पाळी चुकली, मळमळायला लागलं, छाती जड झाली, तेव्हा त्यांना वाटलं की देव पावला. डॉक्टरांना सांगावं लागलं की हे दिवस नाहीत, हा औषधाचा परिणाम आहे. त्या बायकांच्या मनाचं काय झालं असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

यावर पिंकस यांनी तोड सुचवली. वीस दिवस औषध द्यायचं आणि मग थांबायचं. औषध थांबलं की गर्भाशयाच्या आतलं अस्तर गळतं आणि अंगावरून जातं. बाईला कळतं की दिवस राहिलेले नाहीत, आणि दर महिन्याची रीत चालू आहे असंही वाटतं. म्हणजे हा खंड बाईच्या शरीराची गरज म्हणून आलेला नाही. मनाला दिलासा मिळावा आणि सगळं नेहमीसारखं दिसावं, म्हणून तो माणसांनी ठरवला. गोळ्यांच्या सुट्टीत जे अंगावरून जातं, ते बीज सुटून आलेल्या पाळीसारखं नसतं. औषध काढून घेतल्यामुळे अस्तर गळतं, एवढंच. म्हणून ते कमी जातं आणि पोटातही कमी दुखतं. रक्त 'साठून' राहिलेलं नसतं, कारण अस्तर मुळात जाड झालेलंच नसतं.

डॉक्टर रॉक कॅथलिक पंथाचे होते, रोज चर्चला जाणारे. पोपना मान्य व्हावं म्हणून त्यांनी हा खंड ठेवला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण खंड आला तो पिंकस यांच्या सूचनेवरून, आणि तोही रॉक यांनी चर्चसाठी बाजू मांडण्याच्या बराच आधी. पुढे १९६३ साली रॉक यांनी पुस्तक लिहून सांगितलं की ही गोळी निसर्गाच्या चालीनेच चालते, म्हणून चर्चने ती मानावी. १९६८ साली पोपनी नकार दिला. पंथाची परवानगी मिळाली नाही, पण खंड मात्र पाकिटात कायम राहिला.

रॉक यांच्या राज्यात संततिनियमनाला कायद्याने बंदी होती. म्हणून १९५६ साली मोठी चाचणी प्वेर्तो रिको या बेटावर झाली, रिओ पिएद्रास इथल्या गरिबांच्या नव्या वसाहतीत. मुलं होणं थांबेल म्हणून बायका आपणहून पुढे आल्या. पण हे औषध अजून तपासायचं आहे, आपल्यावर चाचणी चालली आहे, हे त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. काम पाहणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी प्रामाणिक अहवाल दिला. गोळी दिवस राहू देत नाही, पण सुमारे १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होतात. सर्वांनी घ्यावी अशी ही गोळी नाही, असं त्यांचं मत होतं. वरच्या लोकांनी हे त्रास मनाचे खेळ ठरवले. १९५७ साली अमेरिकेत ही गोळी पाळीच्या तक्रारींसाठी म्हणून विकायला परवानगी मिळाली, आणि १९६० साली संततिनियमनासाठी.

तेव्हा गोळ्या बाटलीत सुट्या मिळत. पाळीच्या पाचव्या दिवशी सुरुवात, वीस दिवस रोज एक, मग थांबायचं, पाळी आली की पुन्हा पाचव्या दिवसापासून. आज घेतली की नाही, हे बाटलीकडे बघून कळायचं नाही. तिथल्या शिकल्यासवरलेल्या बायकाही चुकत होत्या. इलिनॉय राज्यात डेव्हिड वॅग्नर नावाचा एक इंजिनियर होता, चार मुलांचा बाप. आज गोळी घेतलीस का, यावरून नवरा-बायकोत कुरबुर व्हायची. त्याने एका कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली. काही दिवस छान चाललं. मग त्या कागदावर काहीतरी पडलं आणि गोळ्या विखुरल्या. तेव्हा त्याने गोल फिरणारी डबी बनवली, तीत दर दिवसाची गोळी आपल्या घरात बसायची. १९६३ पासून अशा डब्या बाजारात आल्या. पुढे गोळ्या एकवीस झाल्या आणि सुट्टी सात दिवसांची. एकवीस आणि सात मिळून अठ्ठावीस, म्हणजे बरोबर चार आठवडे. ज्या वारी एक पाकीट सुरू, त्याच वारी पुढचं. लक्षात ठेवायला सोपं.

म्हणजे बघा, अमेरिकेतल्या बाईला मोजणं अवघड गेलं तेव्हा तिच्यासाठी डबी सुधारली. रामनगरमच्या बाईला अवघड गेलं तेव्हा तिला मोजता येत नाही म्हणून शिक्का बसला. १९६५ पासून आपल्याकडे सरकारचा भर आधी लूपवर आणि मग ऑपरेशनवर राहिला. एकदा केलं की बाईने लक्षात ठेवायचा प्रश्नच नको, हा हिशोब. त्याची छाया अजून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि गोळ्या घेणाऱ्या होत्या अवघ्या ५.१ टक्के.

आता गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण. पहिल्या गोळ्या फार जहाल होत्या. रक्ताच्या गुठळ्या होऊन काही बायका दगावल्या. १९६९ साली बार्बरा सीमन या पत्रकार बाईने त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९७० साली अमेरिकेच्या संसदेत सुनावणी झाली. साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती. तेव्हा अ‍ॅलिस वुल्फसन आणि तिच्या मैत्रिणी सभागृहातच उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हाला का विचारत नाही? त्या गोंधळाचं फळ म्हणजे गोळ्यांच्या पाकिटात माहितीपत्रक घालणं सक्तीचं झालं. औषधाचं प्रमाणही उतरत गेलं. पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन सुमारे १५० मायक्रोग्रॅम होतं. आपल्या माला-एन आणि माला-डी या गोळ्यांत ते ३० आहे, पाचवा हिस्सा.

प्रमाण उतरलं हे चांगलंच झालं, पण सुट्टी सातच दिवसांची राहिली. जहाल गोळी होती तेव्हा एखादा दिवस चुकला तरी निभावून जायचं. सौम्य गोळीत तेवढी सवड नाही. पुढे सोनोग्राफी आली तेव्हा डॉक्टरांना दिसलं की सात दिवसांच्या सुट्टीच्या अखेरीला काही बायकांचं अंडाशय जागं होऊन बीज वाढायला लागतं. नवं पाकीट वेळेवर सुरू झालं तर ते पुन्हा झोपतं. त्याला नीट झोपवायला सलग सात गोळ्या लागतात. पण सुट्टी सातची नऊ-दहा दिवस झाली, तर बीज सुटू शकतं आणि दिवस राहू शकतात.

म्हणून मैत्रिणींनो, गोळी विसरायचे सगळे दिवस सारखे नसतात. पाकिटाची पहिली गोळी उशिरा घेणं हे सगळ्यात धोक्याचं, कारण तिथे सुट्टीच लांबते.

आपल्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ औषधाच्या, आणि शेवटच्या सात वेगळ्या रंगाच्या, त्या लोहाच्या. त्या सात गोळ्या म्हणजेच सुट्टी. रोजची सवय मोडू नये आणि अंगात रक्त वाढावं, म्हणून त्या घातल्या आहेत. २८ गोळ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, मग अंगावरून जात असलं तरी. काही जणी २८ गोळ्या संपवून वर आणखी सात दिवस थांबतात. म्हणजे चौदा दिवस औषध नाही. 'गोळ्या घेऊनही दिवस गेले' अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं. दुकानातून आणलेल्या पाकिटात २१ गोळ्या असतील, तर मात्र सात दिवस थांबून आठव्या दिवशी नवं पाकीट. आपल्या पाकिटात किती गोळ्या आहेत, हे आधी मोजा.

एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, त्या दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालतं. सलग दोन किंवा जास्त औषधी गोळ्या चुकल्या, तर आठवेल तेव्हा एक घ्या, पुढे रोजच्या वेळी चालू ठेवा, आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरा. पहिल्याच आठवड्यात चुकल्या आणि संबंध आला, तर लवकरात लवकर आशाताईंना किंवा नर्सबाईंना तातडीच्या गोळीबद्दल विचारा. तिसऱ्या आठवड्यात चुकल्या, तर पांढऱ्या औषधी गोळ्या संपवून लोहाच्या सोडून द्या आणि थेट नवं पाकीट सुरू करा. शंका आली तर उपकेंद्रात जाऊन विचारा, त्यात कमीपणा नाही.

नवरा घरी असेल तेव्हाच गोळी घेणं हा उपाय नव्हे. ती रोज घेतली तरच काम करते. शरीराला विश्रांती म्हणून मध्येच चार महिने बंद करायचीही गरज नाही. गोळी साठून राहत नाही, आणि त्या चार महिन्यांतच दिवस राहतात.

मघाशी सांगितलेलं नॉरएथिस्टेरॉन आठवतंय? गौरी-गणपती, वारी किंवा लग्न आलं की पाळी पुढे ढकलायला दुकानातून जी गोळी आणतात, ती बहुधा हीच. तिचं मूळ एकच असलं तरी ती पाळणा लांबवायची गोळी नव्हे, तिच्या भरवशावर राहू नका, आणि डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

'छाया' गोळीचं गणित पूर्ण वेगळं आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, १९९१ साली 'सहेली' नावाने आलेली ही गोळी. तिच्यात हार्मोन नाही आणि सुट्टीही नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी, नंतर आठवड्यातून एकदा. पाळी केव्हाही येवो, वार चुकवायचा नाही.

आणि माला-एन, माला-डी सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब जास्त आहे, पूर्वी पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी झाली आहे, काविळीचा किंवा यकृताचा आजार आहे, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं, वय पस्तिशीपुढे असून विडी ओढते, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पितं, अशीने आधी विचारावं. टीबीची औषधं चालू असतील तर तेही सांगा, त्यातल्या एका औषधाने गोळीचा जोर कमी होतो.

सात दिवसांची सुट्टी हवीच का, हा प्रश्न आता डॉक्टरही विचारतात. २००३ साली अमेरिकेत तीन महिने सलग घ्यायच्या गोळ्यांच्या पाकिटाला परवानगी मिळाली. २०१९ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेने सांगितलं की या सुट्टीचा तब्येतीला काही फायदा नाही, बाईला हवं तर ती कमी करता येते किंवा टाळता येते. हा बदल आपल्या मनाने करायचा नाही, पण दर महिन्याच्या पाळीने हैराण होणाऱ्या बाईला डॉक्टरांपुढे हा विषय काढता येतो.

गोळी आली तेव्हापासून खंडाचं कारण घेणाऱ्या बाईला क्वचितच सांगितलं गेलं. तिला फक्त नियम मिळाला, आणि चुकली की दोष मिळाला. आपण गटात बाराही महिने कर्जाचे हप्ते, व्याज, दंड यांचा हिशोब चोख ठेवतो. हप्ता एका दिवसाने चुकला तर काय होतं ते आपल्याला पाठ आहे, कारण ते का होतं हे आपल्याला कळलेलं आहे. पुढच्या बैठकीत वही बंद झाल्यावर पाकीट मधोमध ठेवा, गोळ्या मोजा, आणि सुट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते एकमेकींना दाखवा. शेजारच्या नव्या सुनेलाही बोलवा.